शिडीखालचा माणूस

“आधी आकृती काढ, मग गणिताला हात लाव,” असं माझे वडील सांगायचे. रविवारी पूजा आटोपली की मी कर्वेनगरात घरीच शिकवणी घेते, तिथे मुलांना मीही तेच सांगते.

परवा भिंतीला टेकवलेल्या शिडीचं गणित होतं. नववीतल्या दीक्षाचं उत्तर बरोबर आलं, पण आकृतीत तिने शिडीच्या पायाशी एक माणूस काढला होता.

“अगं, पुस्तकाने उंची विचारलीये, माणसं नाही. हा इथे काय करतोय?”

“काकू, धरायला कुणी नसलं तर शिडी सरकते.”

“गणितातली सरकत नाही, बाळा. खोडून टाक त्याला.”

तिने मुकाट्याने माणूस खोडला. “पप्पा रंगकामाला एकटेच गेले होते,” ती हळूच म्हणाली. “अजून अंथरुणावरच आहेत.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

“निघू का, काकू?” वही दप्तरात ठेवत तिने विचारलं. “आजपासून पप्पांची कामं मम्मी घेणार आहे, आणि शिडी मी धरीन असा पप्पांना शब्द दिलाय.”

चपला घालून ती जिना उतरून गेली.