मागच्या काचेचा कोपरा

माझी ॲम्बेसेडर मोहाडी ते भंडारा चालायची. प्रवाशांच्या बिड्यांनी काचा आतून धुरकट होत. माझी बायको रुखमा त्या पुसायची. आधी ओला पेपर फिरवायची, मग तोंडाने 'हाऽ' करून वाफ सोडायची आणि वरून खाली एकच हात मारायची. खिडकी उघडीच आहे असं समजून लोक बंद काचेवर पानाची पिचकारी मारत, आणि रागावायचं सोडून रुखमा खूश होई.

मागच्या काचेचा खालचा कोपरा मात्र राहायचा. तिथे हातच पोचत नसे.

"हा कोपरा मले हरवते," ती म्हणायची.

पौषातल्या एका सकाळी गाडी कुलूप लावून दारात उभी होती. चाबी माझ्या खिशात, आणि आम्ही दोघं अंगणात चहा पीत होतो.

"अवो, पहा जरा," रुखमा म्हणाली.

त्याच कोपऱ्यात आतून वाफेचा गोल उमटला होता. बघता बघता तो पुसला गेला. वरून खाली, एकाच हातात. कोपरा असा लख्ख झाला की तिथे काच आहे हेच कळेना. आत सीट रिकामी होती.

मी खिशातली चाबी चाचपली. रुखमा उठली आणि काचेला नाक लावून पाहू लागली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, कौतुक होतं.

"माह्याहून बेस हात आहे हिचा."

तिच्या तोंडासमोर नवा गोल उमटला.

"तुह्याच तोंडाची वाफ आहे, वो," मी म्हणालो.

तिने पदराने काच बाहेरून पुसली. गोल तसाच राहिला, आणि हळूहळू मोठा होत गेला.