बारा मिनिटं

व्हर्च्युअल सर्व्हरवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम आठवडाभर लाल अक्षरांत ओरडत होता आणि साहेब माझ्यावर. दोघांनाही गप्प करायला मी आज आठलाच ऑफिसात येऊन बसले.

दहाच्या सुमारास दोष सापडला. रोज बॅकअप घेताना सर्व्हर काही क्षण थांबायचा आणि त्याचं घड्याळ मागे पडायचं. साचत साचत आता ते बारा मिनिटं मागे होतं. लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामचं घड्याळ मात्र बरोबर, म्हणून त्याची सारखी तक्रार. दुरुस्ती एका कमांडची.

मी टाइप करायला घेतलं, तेवढ्यात हेडक्लार्क सावरडेकर चहा घेऊन आले. स्वतः.

"मॅडम, हजेरीचं मशीन याच सर्व्हरवरून वेळ घेतं ना?"

"हो."

"मग घाई कसली? महिनाभर कुणालाच लेटमार्क नाही. एवढं सुखी ऑफिस मी तीस वर्षांत पाहिलं नाही."

साहेबांचा हुकूम आहे, असं मी सांगणार, तोच साहेब दारात. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून सात मिनिटं झाली होती. त्यांनी अंगठा लावला. मशीनने नऊ पंचावन्न दाखवले. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सापडला का दोष?"

"सापडला, सर. लगेच दुरुस्त करते."

साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "सकाळचं राहू द्या. संध्याकाळी घड्याळ तेवढंच पुढे पळवता येतं का, बघा."