ड्यूकचं शेवटचं नाणं

डेक्लनने हातमोजे चढवले आणि नाणं फक्त कडेला धरून खिडकीपाशी नेलं. वैदेहीचे बाबाही असंच धरायचे.

बाकीची एकशे बारा नाणी जेवणाच्या टेबलावर छोट्या पाकिटांत होती. सगळी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ड्यूकांची. प्रत्येक पाकिटावर बाबांनी पेन्सिलीने साल आणि वजन लिहिलेलं. नाण्यांचा आयरिश व्यापारी डेक्लन आज सगळा संग्रह विकत घेऊन जाणार होता. हातातलं नाणं ड्यूक वारल्यावर त्याच्याच टांकसाळीने पाडलेलं. एका बाजूला त्याचा चेहरा, दुसरीकडे जन्म, मृत्यू, आणि तो किती वर्षं, महिने, दिवस जगला ते.

ड्यूकच्या गालावर अंगठा उमटलाय, डेक्लन म्हणाला.

वैदेहीचा विश्वास बसेना. मार्चमध्ये बाबा गेल्यावर त्याच आठवड्यात तिने यादीसाठी प्रत्येक नाण्याचा फोटो काढला होता. तेव्हा गाल स्वच्छ होता. डेक्लनने समजावलं, चांदीवर ठसा लगेच दिसत नाही, जागा हळूहळू काळी पडते आणि काही महिन्यांनी तो वर येतो. द्रावणात बुडवलं की जाईल. त्याने पिशवीतून बाटली काढून उघडली.

वैदेही वाकली. ठशाच्या मधोमध एक तिरकी रेघ होती. बाबांचा अंगठा लहानपणी विळीवर कापला होता.

तिने हाताने डेक्लनला थांबवलं.

"आई, बाबा नाण्याच्या चेहऱ्याला कधी बोट लावायचे?"

आई ओट्यापाशी चहा गाळत होती. "ते? एकदा लक्ष्मीपूजनाला मी एक नाणं घासलं, तर आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी. चाळीस वर्षं एकच. कडेला धर, पद्मिनी, कडेला."

"मग हा त्यांचा अंगठा कसा?"

आई हात पुसत टेबलापाशी आली. डेक्लनला मराठी कळत नव्हतं. तो हसून दोघींकडे बघत राहिला. आईने नाण्याकडे पाहिलं, हात लावला नाही.

"मी लावला त्यांचा."

वैदेहीने बाटलीचं झाकण लावलं. त्या पहाटे ती लिमरिकच्या हॉस्पिटलात ड्युटीवर होती. बाबा झोपेतच गेले, हे तिला आईनेच फोनवर सांगितलं होतं.

"कधी?"

"ते गेल्यावर, तुला फोन करायच्या आधी," आई म्हणाली, आणि डेक्लनला साखर किती विचारायला वळली.