कानाने भाजायची कॉफी

गॅलरीत डबा फिरायला लागला तेव्हा इंदिराबाई दिवाणावर पाय लांब करून बसल्या होत्या. दारापाशी त्यांची भरलेली बॅग. उद्या सकाळी त्या लेकीच्या, मृण्मयीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघणार होत्या आणि बरेच महिने नाशिकला परतायच्या नव्हत्या. आज काही झालं तरी उठायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

गॅलरीत त्यांचे यजमान ढुंढिराज शेगडीवर त्या फिरत्या डब्यात कॉफीच्या हिरव्या बिया भाजत होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माणसाला हे वेड लागलेलं. आणि वेड तरी केवढं! ओट्यावर एस्प्रेसोचं मशीन, त्याला खेटून ग्राइंडर, आणि इंदिराबाईंचा मिक्सर हद्दपार होऊन वॉशिंग मशीनवर. त्या स्वतः चहा पिणाऱ्या. पण दर रविवारी गंगापूर रोडची कॉफीवेडी पोरं घरी जमायची, काका काका करायची, आणि काका त्यांना दर वेळी तेच ऐकवायचे, "थर्मामीटर कसले लावता रे? कॉफी कानाने भाजायची असते. दाणा तडकला की आपल्याशी बोलतो."

कानाने! इंदिराबाईंना हसावं की रडावं कळत नसे. ढुंढिराजांना दारावरची बेलसुद्धा ऐकू येईनाशी झाली होती. बेल, फोन, कुकरच्या शिट्ट्या, सगळ्या घराचे कान इंदिराबाईच. एकेक गोष्ट तीनतीनदा ओरडून सांगायची आणि वर "ओरडतेस कशाला?" हेही ऐकून घ्यायचं. नुसत्या बोलण्याने जीव आंबून गेला होता. चांगलं महागातलं कानाचं मशीन टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये डबीत पडून होतं. का, तर म्हणे त्यात खरखर होते. इंदिराबाई आपल्या आशेने ते चार्ज करून ठेवायच्या.

कालही त्यावरून वाजलं होतं.

"अहो, मी नसताना गॅस उघडा राहिला तर?" त्यांनी घसा फोडून विचारलं होतं.

"मला सगळं ऐकू येतं," म्हणून ढुंढिराज पेपरात तोंड घालून बसले होते.

आणि कॉफीचं म्हणाल, तर त्यातली खरी गोष्ट इंदिराबाईंनी कधी कुणाला कळू दिली नव्हती. डब्यातले दाणे तडकून ती तडतड ओसरायला लागली, की हातातली कणीक तशीच टाकून त्या गॅलरीच्या दारात जायच्या आणि खणखणीत आवाजात विचारायच्या, "झालं का?" "होतंय, होतंय," म्हणत ढुंढिराज गॅस बंद करायचे. कॉफी फक्कड व्हायची. रविवारी पोरं वाहवा करायची, आणि नवऱ्याचा फुललेला चेहरा बघून त्यांनाही बरं वाटायचं.

आज मात्र नाही. कळू दे एकदाचं.

तडकलं. ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा एक दाणा, मग दुसरा, मग चांगलीच तडतड सुरू झाली. शेजारच्या फ्लॅटमध्येही ऐकू गेली असेल. ढुंढिराज आपले डबा फिरवताहेत. मान तिरकी, कान डब्याकडे, आणि चेहरा पूजेला बसल्यासारखा. इंदिराबाईंनी डोळे मिटून घेतले. तडतड ओसरली. थोडा वेळ सगळं शांत. मग दुसरी तडतड आली, बारीक आणि घाईची, आणि तिच्यामागून धूर. इंदिराबाईंचे पाय आपोआप खाली आले होते. ते त्यांनी परत वर ओढून घेतले.

शेवटी धूर नाकात गेला तेव्हा ढुंढिराजांनी गॅस बंद केला. चाळण घेऊन ते आत आले. चाळणीत नुसता कोळसा.

"आज तू आली नाहीस," ते म्हणाले.

"कुठे?"

बायकोच्या ओठांकडे बघत ते म्हणाले, "झालं का, विचारायला."

इंदिराबाई ताठ बसल्या. म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं! पोरांपुढे कानाच्या एवढ्या गप्पा मारताना कान कुणाचे आहेत, हे पक्कं ठाऊक होतं! संतापाने त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मग एकदा तरी बोलायचं होतं की तसं!"

"काय?" ढुंढिराजांनी कानामागे हात नेला.

पुन्हा ओरडायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्या मुकाट्याने उठल्या, ड्रॉवर उघडला आणि डबी नवऱ्यापुढे धरली. आता नेहमीसारखं काहीतरी ऐकावं लागणार, अशी मनाची तयारीही केली. ढुंढिराज चाळणीकडे बघत उभे होते. मग त्यांनी दारापाशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. चाळण टीपॉयवर ठेवली आणि डबी घेतली. मशीन काही त्यांना कानात नीट बसवता येईना. इंदिराबाईंनीच ते बसवलं, चालू केलं, आणि त्या दिवाणाकडे वळल्या. टेकता टेकता त्यांच्या तोंडून एक सुस्कारा निघाला, रोज निघतो तसा.

ढुंढिराज दचकले. त्यांनी वर पंख्याकडे बघितलं, गॅलरीकडे बघितलं. मग बायकोकडे बघतच राहिले.

"तो आवाज तुझा होता?"

इंदिराबाईंनी मान डोलावली.

"दमलीस का गं?"

"हो," इंदिराबाई म्हणाल्या, अगदी हळू. पुन्हा सांगावं लागलं नाही.