दादाची काठी आणि तुंबलेला पाइप

"पुन्हा चार हात!" दादा ओरडला आणि त्यानं हातातली बांबूची काठी पाण्यात आपटली. पाइपाला त्याचं काहीच वाटलं नाही. पाणी मात्र दादाच्याच तोंडावर उडालं.

गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली नेणारा पाइप तुंबला होता. सकाळपासून पाऊस हटायचं नाव घेत नव्हता आणि पाण्याला जायची वाट तेवढी एकच. पाणी घोट्याच्या वर चढलं होतं. गच्चीला लागूनच दादाची कामाची खोली. तिचा उंबरठा बुडायला जेमतेम दोन बोटं राहिली होती. आत फरशीभर वाचनालयाची जुनी पुस्तकं उसवून ठेवलेली, पानं सुटी, एकेका पुस्तकाचा एकेक गठ्ठा. दादा बुकबाइंडर होता. भिजलेला कपडा वाळतो, भिजलेलं पुस्तक वाळून पापड होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

बायकोनं उंबरठ्याशी गोणपाट कोंबलं होतं. पलंग, टेबल, खिडकीची चौकट, जिथे जागा दिसेल तिथे ती गठ्ठे रचत होती. तरी निम्मे अजून खालीच होते.

दादा प्रत्येक काम मापानं करायचा. पुस्तक असो की पाइप. बोळा किती खोल अडकलाय ते कळावं म्हणून त्यानं काठीला शिवणीचा लाल दोरा बांधला होता. पहिल्यांदा काठी टेकली ती चार हातांवर, दोरा बरोबर पाण्याच्या वर. दादानं सगळा जीव एकवटून ढकलली. बोळा पाच हातांवर गेला. दादा खूश झाला, कपाळ पुसायला थांबला, पुन्हा काठी टेकवून पाहिली, तर चार हात!

असं दोन तास चाललं होतं. ढकलावं, दम घ्यावा, आणि बघावं तर बोळा आपल्या जागी परत.

"घूस असेल आत," बायको दारातून म्हणाली.

"घूस काय माझ्याशी कुस्ती खेळतेय?"

"मग जरा कठड्यावरून खाली डोकावून तरी बघा. पाइप त्या टोकालाही तुंबला असेल."

"मी तिकडे बघत नाही. माहीत आहे ना तुला?"

माहीत होतंच. सगळ्या गल्लीला माहीत होतं. कठड्याखाली धाकट्या भावाचं अंगण होतं. जिन्याच्या दाराला कडी आतून लावायची की बाहेरून, यावरून तीन वर्षांपूर्वी दोघांचं वाजलं. तेव्हापासून दादा कठड्यापाशी गेला नव्हता आणि धाकट्यानं मान वर करून गच्चीकडे पाहिलं नव्हतं. कपडे वाळत घालतानाही दादा पाठमोरा उभा राहायचा. इतका कडक उपास एखाद्या साधूनंही पाळला नसता.

"मी खाली जाऊन भाऊजींना सांगू का? वायरमन आहेत, काहीतरी हत्यार असेल त्यांच्याकडे."

"काही नको! त्याचं काय जातंय? त्याचं घर कोरडं ठणठणीत आहे. खुर्चीत बसून मजा बघत असेल. वर दादा बुडाला काय आणि तरंगला काय!"

"बुडा मग," बायको म्हणाली आणि उरलेले गठ्ठे उचलायला आत वळली.

उंबरठ्याला आता एकच बोट राहिलं होतं. दादानं पाइपाला शिवी दिली, पावसाला दिली, पाइप बसवणाऱ्या गवंड्याला दिली. मग दात-ओठ खाऊन काठी पाच हातांवर नेली आणि तशीच धरून ठेवली. बघू कशी परत येते ती! शेवटी दमून त्यानं जोर सोडला आणि काठीवर नुसता तळवा ठेवून उभा राहिला.

काठी हलली. कुणी खांद्यानं रेटावी तशी त्याच्या तळव्याखाली हळूहळू वर आली. एक वीत, दोन विती. लाल दोरा पाण्याबाहेर आला.

बोळा आपल्या पायांनी चढत नाही, हे पोरंसोरंही सांगतील. कुणीतरी त्याला खालून ढकलत होतं.

दादा पाण्यातून फताक फताक करत कठड्यापाशी गेला. क्षणभर थांबला. मग तीन वर्षांत पहिल्यांदा खाली वाकला.

पाइपाच्या तोंडाशी, चिखलात, धाकटा उकिडवा बसला होता. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, कोपरापर्यंत काळा गाळ. भिंतीतून वायर ओढायची लांब स्प्रिंग त्यानं पाइपात खुपसली होती आणि दात-ओठ खाऊन तो ती वर रेटत होता.

"अरे ए!" दादा ओरडला. "काय करतोयस तिथे?"

धाकट्यानं मान वर केली. पाऊस सरळ डोळ्यांत गेला.

"बोळा काढतोय, दिसत नाही का? दोन तास झाले. वर सरकवतो आणि मेला पुन्हा खाली येतो. मला वाटलं, वरच्या पाण्याच्या वजनानं येतोय!"

"मी ढकलतोय तो!"

"वरून?"

"मग काय खालून?"

धाकट्यानं हातातल्या स्प्रिंगकडे पाहिलं, दादानं मागे वळून पाइपातल्या काठीकडे.

"तुझं घर तर कोरडं आहे," दादा म्हणाला. "तुला काय पडलं होतं?"

"वहिनी परवा सांगत होत्या, वाचनालयाचं काम आलंय म्हणून. सगळं फरशीवर मांडलंय म्हणाल्या." धाकट्यानं डोळ्यांवरचा गाळ पुसायला हात नेला आणि आणखीच फासला. "कागद भिजले का रे दादा?"

दादा मागे वळला, पाइपातली काठी धरली, जोर लावायला वाकला आणि तसाच थांबला. काठी तिथेच सोडून तो पुन्हा कठड्याकडे धावला.

"आधी बाजूला हो, गाढवा! अख्खी गच्ची तुझ्या डोक्यावर येईल."