यमुनेची ओटी

पुण्याहून निघताना आईने माझ्या पर्समध्ये खण, नारळ आणि मूठभर तांदूळ कोंबले होते. "दिल्लीला जातेच आहेस, तर यमुनेची ओटी भरून ये," म्हणाली.

घाटावर हिवाळ्याचं लख्ख ऊन पडलं होतं. आम्ही होडी केली होती; माझी मयूर विहारची मैत्रीण रुचिरा आणि तिच्या ऑफिसातल्या दोघी पक्ष्यांना शेव टाकत होत्या. पाण्याला वास येत होता. त्यांच्यातली एक नाक मुरडून म्हणाली, "छी यार, लोग इसमें पूजा का सामान भी डालते हैं!"

मीही हसले आणि पर्सची चेन शेवटपर्यंत ओढून घेतली.

मग सहज खाली पाण्यात पाहिलं. तिघींची प्रतिबिंबं शेव टाकत होती. माझ्या प्रतिबिंबाने मात्र दोन्ही हातांनी पदर पसरला होता.

मी जीन्स घातली होती.

मी झटकन मान वळवली, तोच आईचा व्हिडिओ कॉल आला. "भरलीस का गं ओटी?" तिने मोठ्याने विचारलं. रुचिराच्या मैत्रिणी बघायला लागल्या. मला कसंतरीच झालं.

"हो, भरली," मी हळूच म्हणाले.

आई माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"मग ती अजून पदर पसरून का उभी आहे?"

मी होडीच्या अगदी टोकाला बसले होते. माझ्या मागे फक्त पाणी होतं. वळून बघायची मला लाज वाटली.