खोक्यातले बूट

खोक्यातून कधीच न निघालेले पांढरे बूट. देव्हाऱ्याशेजारी टांगलेलं, हळदकुंकू लावलेलं नर्सिंग कौन्सिलचं सर्टिफिकेट. माळ्यावर गुंडाळून ठेवलेलं रबरी शीट.

बूट आणि सर्टिफिकेट प्रणोतीचं. शीट सासऱ्यांच्या अंथरुणावरचं. नर्स म्हणून तिची नोंदणी झाली, हॉस्पिटलात नोकरी ठरली आणि लगेच लग्न झालं. तेव्हा सासरे पॅरालिसिसने पडून होते. "अण्णा चालायला लागू देत, मग हो की जॉइन," नवरा म्हणाला. हॉस्पिटलच्या मेट्रनबाई फोन करत राहिल्या. "पुढच्या महिन्यात नक्की, मॅडम," असं सांगत ती अण्णांना कुशीवर वळवत राहिली. त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही.

आज अण्णा काठी टेकत एकटेच अंगणापर्यंत गेले. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. प्रणोतीने खोकं उघडलं, बूट घातले, लेस बांधली.

"कुठं निघालीस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"मेट्रनबाईंना भेटून येते."

"आज नको. संध्याकाळी माझी आई येतीय. खुबा मोडलाय तिचा. माझा दादा बाई ठेवणार होता. म्हटलं, घरात शिकलेली नर्स असताना बाहेरची कशाला?"

प्रणोतीने नवऱ्याकडे पाहिलं. माळ्यावर चढून त्याने रबरी शीट खाली काढलं.

स्थळ सांगून आलं तेव्हा त्यांची अट एकच होती: देणंघेणं काही नको, मुलगी फक्त नर्सिंग झालेली हवी. ती ऐकून प्रणोतीने मुलाचा फोटोही न बघता होकार दिला होता.